फुकटची सहल

काचकारखान्यातून निवृत्त झाल्यावर इर्मट्राउड नोआकबाईंनी वृद्ध साहाय्य मंडळाचं काम अंगावर घेतलं. मंडळाची चौकात एक मोठी खोली होती. दुपारी गरम जेवण, मग कॉफी, पत्ते, विणकाम. कुणी दिसेनासं झालं की बाई जिने चढून दार ठोठावत. बाईंना लोकांच्या घरात नाक खुपसायची हौस, असं सगळे म्हणत, आणि आजारी पडले की त्यांचीच वाट बघत.

मग बर्लिनची भिंत पडली, पूर्व जर्मनीचं राज्य बुडालं, पाठोपाठ कारखानाही. तरणी माणसं पश्चिमेला गेली. म्हातारे तेवढे मागे राहिले. मंडळाचे नवे चिटणीस हार्टविग यांनी जाहीर केलं, की यापुढे मंडळ घरोघरी नर्स पाठवील. खोली सोमवारी रिकामी होईल.

नोआकबाई इरेला पेटल्या. सोमवारी येऊन खुर्च्यांवर बसायचं, कुणी उठवलं तरी उठायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण एल्फ्रीडे म्हणाली, "मला उचलायला चार माणसं लागतील. आणू देत की!"

सोमवारी बाई केक भाजून घेऊन गेल्या. कुणीच आलं नाही. हमालांनी एकेक खुर्ची उचलली. शेवटी बाई आपण होऊन उठल्या.

संध्याकाळी चौकात बस थांबली. सगळे उतरले, काखेत लोकरी पांघरुणं. पांघरुणं विकणाऱ्या कंपनीची सहल होती ती: सहल फुकट, जेवण फुकट, आणि मग दुपारभर दारं लावून पांघरुणांची विक्री. आमंत्रणं हार्टविग यांनीच वाटली होती, नेमकी त्याच दिवसाची.

"मला सांगायचंस तरी," बाई म्हणाल्या.

एल्फ्रीडेने नजर चुकवली. "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस? जेवायला बदक होतं, इर्मा. आणि खुर्च्या काय, आज ना उद्या जाणारच होत्या."

बाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या दारावरून जाताना त्या मान वळवत.

थंडीत एल्फ्रीडे स्वयंपाकघरात पडली. नर्सची पाळी गुरुवारची होती. गुरुवारी दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. हार्टविग यांनी थडग्यापाशी नेटकं भाषण केलं. नोआकबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना हार्टविग यांचा राग आला नाही; राग स्वतःचाच येत होता, आणि तो कुणावर काढताही येत नव्हता.

वसंतात पुन्हा सहल निघाली. नोआकबाई बसमध्ये चढल्या. गावात चार माणसांत बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. बाकीच्यांनी सरकून जागा दिली.