चौदा बांध्यांचा अर्ज

इटियाडोह धरणाच्या कालव्याचे पाणी ज्या गावाला सर्वांत शेवटी पोहोचते, तेथील शेतकरी उदेभान यांची कन्या भाग्यश्री संगणक शिकली आणि गावच्याच पाणी वापर संस्थेत कामाला लागली. उन्हाळी धानाला पाणी हवे असलेले शेतकरी मोबाइलवरून अर्ज भरत. अर्ज तपासण्यासाठी तिने एक तयार सॉफ्टवेअर लायब्ररी घेतली होती. त्या लायब्ररीला आधी अर्जाचा नमुना सांगून ठेवावा लागतो. त्यालाच स्कीमा म्हणतात. नाव अक्षरांत हवे, क्षेत्र आकड्यांत हवे. नमुन्यात न बसणारा अर्ज दारातूनच परत जातो.

यंदा बेरीज केली, तर गावाच्या जमिनीपेक्षा अर्जांतील जमीन चौपट भरली. पाणी मागणीप्रमाणे वाटले जाणार होते. ही यादी शुक्रवारी पाटबंधारे खात्याकडे अशीच गेली असती, तर खरे क्षेत्र लिहिणाऱ्या दुर्पताबाईंचे एकरभर धान वाळले असते.

तिने एकेक अर्ज वाचला. हेक्टरच्या रकान्यात लोकांनी आपल्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाडलेले धानाचे लहान तुकडे, मोजून लिहिल्या होत्या. आपल्याकडे शेत किती विचारले, की माणूस बांध्याच सांगतो. कोणी चौदा बांध्यांचे चौदा लिहिले, तर तोही आकडाच, म्हणून नमुन्याने तो आत घेतला. चूक नमुन्याची, म्हणजे आपली, हे तिने मान्य केले. संस्थेकडील सातबाऱ्याच्या नोंदीपेक्षा जास्त क्षेत्र घ्यायचे नाही, असा नियम तिने स्कीमात घातला. एकतीस अर्ज परत गेले.

संस्थेचे सचिव गुलाबचंद वैतागले. "बेटी, लोक माह्या घरी येऊन राहिले. तूच आकडे टाकून दे ना!"

"काका, कोन किती धान लावनार, मले का मालूम? ज्याचं त्यानंच लिवावं."

तेवढ्यात उदेभान मोबाइल नाचवत आले. "काऊन वो, बापाचाच अर्ज परत? चौदा बांध्या हायेत, खोटं लिवलो का?"

"खोटं नाई, बाबा. पन चौदा हेक्टर असते, तर तुमी मले सायकलवर शाळेत नेलं असतं का?"

सारे हसले. उदेभान घरून सातबारा घेऊन आले आणि स्वतःच्या बोटाने एक हेक्टर वीस आर भरले. अर्ज आत गेला.

मग ते संस्थेच्या पायरीवरच बसले. येणाऱ्या प्रत्येकाला अडवून म्हणत, "आधी सातबारा आन. मायी पोरगी बापाले सोडत नाई, तुले सोडंल का?"

शुक्रवारी दुपारी बरोबर यादी गेली. पाणी सुटले आणि दुर्पताबाईंच्या शेवटच्या बांधीतही चढले. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहून उदेभान ते पाहत होते. त्या दिवशी त्यांची मान ताठ होती.