अकरा नंबरची बाई

वर्गात सगळ्या हसल्या. मीही हसले.

समाजशास्त्राच्या मॅडम त्यांच्या पाहणीतलं एक पान वाचून दाखवत होत्या. बंगल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या होत्या. नावं नाहीत, नुसते आकडे. सायक्लोस्टाईलच्या कागदाला अजून शाईचा वास येत होता. "क्रमांक अकरा," मॅडम म्हणाल्या, आणि त्या बाईच्या बोलीतच वाचायला लागल्या. "मी पाचाला उठतो. पाणी भरतो. आठाला राजारामपुरीत कामावर जातो."

बाईमाणूस आणि उठतो, जातो! हशा उसळला. आमच्या बावड्यात सगळ्या बायका असंच बोलायच्या. मीसुद्धा. पण कॉलेजात आल्यापासून मी 'उठते-जाते' झाले होते. तेवढ्यावर मला हसायचा हक्क मिळालाय असं वाटायचं. शेजारणीला कोपर मारून मारून हसले.

मॅडम पुढं वाचत होत्या. "मालकिणीची साडी इस्त्रीनं जळाली, ती मला दिली. भोकावर म्या कोयरी भरली. पोरगी कालेजात जातीया. तिला सांगितलंय, दुकानातनं नवी आणली म्हणून. लई खूश हाय. बाई, हे तिला कळू देऊ नका हं."

ती कोयरी माझ्या खांद्यावर होती.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आत कसं घ्यायचं, सुचेना. पहिल्या बाकावरची एक मुलगी मागं वळली. आई तिच्याच घरी कामाला होती, हे मला त्या क्षणी कळलं. "अगं, ही तर आमच्या आईची साडी!" ती म्हणाली. कुजकटपणे नाही. हरवलेली वस्तू सापडावी तशी. मग एकेक मान वळत गेली.

महिनाभर मी त्या साडीचा तोरा मिरवला होता. "महाद्वार रोडवरनं घेतली. कोयरी मुद्दाम सांगून भरून घेतली." कोयरी दिसावी म्हणून खांदा पुढं काढून चालायचे. लोकांना वाटत असेल, पोरीची मान लचकलीय. आई काय करते, असं कुणी विचारलं तर सांगायचे, घरीच असते.

आणि आईला बोलायला लावणारी कोण? मीच. तिनं मला विचारलं होतं, "एक शिकलेली बाई लई इचारतीया. सांगू व्हय गं?" समाजशास्त्राचे दोन धडे माझ्या पोटात गेलेले. मी म्हणाले, "सांग की. नाव लिहीत नाहीत ती माणसं." कोण बाई, कशाला विचारते, एवढंही मी विचारलं नाही. आई म्हणाली, "नाव नसलं म्हंजे झालं."

तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या बाईनं तिला खुर्चीवर बसवलं. कपबशीतनं चहा दिला. त्या कपबशीचं आई आम्हाला दोन दिवस सांगत होती.

तास संपल्यावर मॅडमनी मला बोलावून घेतलं. पाणी दिलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "पण मी नाव कुठं घेतलं गं?" त्या म्हणाल्या. मग वही पुढं ओढून, "बघ, मुलीची बाजू आपल्याकडे नाहीच. ऐकताना तुला काय वाटलं? सावकाश सांग." आणि पेनाचं टोपण काढलं.

ते टोपण निघाल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"मी न्हाय सांगत," मी म्हणाले. 'सांगणार नाही' म्हणायला शिकले होते, पण ते आलंच नाही तोंडात. "आणि आईचं पान मला द्या."

"ते आता विद्यापीठाचं आहे."

"मग तिच्यापुढं वाचा. तिला नको असंल ते खोडा."

"असं प्रत्येकीला विचारत बसलं तर संशोधन व्हायचं कसं?"

"न्हाय झालं तर न्हाय."

पाणी तसंच ठेवून मी बाहेर आले. पान मिळालं नाही. ते अजून लायब्ररीत आहे. दरवर्षी नवा वर्ग येतो.

त्याच आठवड्यात मालकीण, मुलीकडनं वर्गातलं सगळं ऐकून, आईला म्हणाली, "आमच्या घरातलं कागदावर घालतीस?" काम सुटलं. आई दुपारीच घरी आली. साडी घडी घालून मी ट्रंकेवर ठेवली होती. का काढलीस, असं तिनं विचारलं नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली,

"किती पोरी हुत्या वर्गात?"

"थोड्या."

पन्नासच्या वर होतो आम्ही.

"हसल्या व्हय?"

"न्हाय गं."



माझी आई बोलकी. बसमध्ये कोण भांडलं, कुणाच्या दारात कुणाची म्हैस शिरली, सगळं हात हलवून सांगायची. त्या दिवसानंतर ते बंद. काय गं, विचारलं की "बरं हाय." कुणाच्या हातात पेन दिसलं की तोंड मिटायची. पुढं कैक वर्षांनी तिचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागद ओढला, पेन काढलं, "काय होतंय आजी?" आईनं पेनाकडं बघितलं. "काय न्हाय. बरं हाय." कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आजाराचा दोष मी कुणाला देत नाही. पण बोलती आई मी त्या वर्गात घालवली. कोपर मारून मारून.

आता घरात गोष्टी सांगणारी मीच. भाचरं म्हणतात, मावशी मीठमसाला लावून सांगते. लावते. माझ्या फजितीला हवा तेवढा लावते. पण कामवाल्या बायकांच्या पाहणीसाठी विद्यापीठातल्या मुली टेपरेकॉर्डर घेऊन येतात, "आईबद्दल सांगा ना, नाव येणार नाही," म्हणतात, तेव्हा आधी मी तो बंद करायला लावते. चहा देते. कपबशीतनं. आणि विचारते, लिहिलेलं परत वाचून दाखवायला येशील? मी म्हणेन ते खोडशील? बहुतेक जणी चहा पिऊन जातात. जाऊ देत.

हे मात्र मी आपल्या हातानं लिहिलंय, आणि आईला विचारायचं राहून गेलंय. म्हणून आमची गल्ली लिहिली नाही. साडीचा रंग लिहिला नाही. अकरा हा आकडाही खरा नाही. आणि त्या भोकावर कोयरी नव्हतीच. तिनं दुसरंच काहीतरी भरलं होतं. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे.

लायब्ररीतल्या त्या पानाशी हे पान मी जुळू देणार नाही.