आबांनी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

मशीनच्या तेलाचा वास आला की मला सुरतेच्या पांडेसऱ्यातला लूम, म्हणजे यंत्रमाग नाही, तिथलं बंदुकीचं दुकान आठवतं. तीस वर्षं लूम चालवून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बारडोलीजवळ ऊस लावला होता. पहाटे उसातल्या पायवाटेवर बिबट्या दिसू लागला, म्हणून काठी घेऊन एकटे फिरणाऱ्या आबांनी हत्याराचा परवाना काढला. घरातला पहिला पदवीधर मी. चार दिवस मोबाइलवर वाचून मी पिस्तूलच पक्कं केलं होतं. "आबा, यात गोळ्या जास्त बसतात," मी म्हणालो. आबांनी तेल लावलेलं रिकामं पिस्तूल लूमच्या एखाद्या भागासारखं उलटसुलट पाहिलं आणि दुकानदाराला आपल्या अहिराणीत विचारलं, "शेठ, हाई अटकनं ते?" "कारतूस फंस जाए तो दूसरे हाथ से ऊपर का हिस्सा पीछे खींचो, काका." "दुसरा हातमा काठी राही. ती कोन धरी, बिबट्या?" शेठ पोट धरून हसले. मग त्यांनी छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. यात एखादी गोळी उडाली नाही, तर त्याच हाताने पुन्हा चाप दाबायचा, की पुढची येते. आबांनी एकदा दाबून पाहिलं. "हाईच." माझं तोंड उतरलं, तेवढ्यात शेठनी इंग्रजी फॉर्म पुढे केला. आबांनी तो माझ्याकडे सरकवला. "मना पोऱ्या ग्रॅज्युएट से, शेठ. तो भरी." त्यानंतर बिबट्या दोनदा आडवा आला आणि दोन्ही वेळा आबांच्या खोकल्यानेच उसात पळाला. पण कुणी विचारलं तर मी आजही ताठ मानेने सांगतो, फॉर्म मी भरला आणि हत्यार आबांनी निवडलं.