आपणहून कळवणारा टॅग

काशीनाथ सुर्वे रोज मीरा रोडहून काशीगावच्या वृद्धाश्रमात यायचे. तिथे राहणाऱ्या त्यांच्या बायकोला, विमलाबाईंना, विसरण्याचा आजार होता. दोनदा त्या फाटकाबाहेर पडून थेट हायवेपर्यंत गेल्या होत्या. २००८ साली आश्रमाने सगळ्यांच्या मनगटावर टॅग बांधायचं ठरवलं. निकेत नावाचा तंत्रज्ञ बिनबॅटरीचे टॅग घेऊन आला.

"वर्षानुवर्षं चालतात, काका. फक्त दारातल्या यंत्राजवळ धरायचे."

"धरायचे कोणी? बाहेर निघते तेव्हा ती स्वतःचं नावही विसरलेली असते रे."

निकेतने हातातला टॅग खाली ठेवला. मग म्हणाला, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकूंना बॅटरीवाला टॅग हवा. तो लांबूनच यंत्राला आपणहून कळवतो आणि फाटकावरची घंटा वाजते. बॅटरी तेवढी बदलत राहावी लागेल."

"ते माझ्याकडे लागलं."

गणपतीत सगळे आरतीला उभे असताना फाटकावरची घंटा वाजली. परिचारिका रुचिता धावली आणि विमलाबाईंना हाताला धरून परत घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी काशीनाथ नारळाच्या वड्या घेऊन निकेतच्या हाटकेशमधल्या गाळ्यावर गेले. "पोरा, तू म्हाताऱ्याचं ऐकलंस," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ त्यांनी त्याचा हात सोडला नाही.