पायाळूकाकूंचा पाय

पायाळूकाकू आधी लाथ मारायच्या आणि मग वाकून नमस्कार करायच्या. वालूरमध्ये कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला आमच्या ओसरीवर आणून पालथं झोपवायचे, आणि माझ्या या थोरल्या काकू हातातलं काम टाकून पदर सावरत बाहेर यायच्या. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले म्हणून पायाळू. पायाळू माणसानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, हे आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतं. लाथ कसली म्हणा! टाच टेकवायच्या, जराशी दाबायच्या, झालं. पण माणसाला आपला पाय लागला हे त्यांना सोसायचं नाही. लगेच कमरेतून वाकून त्या माणसाला हात लावायचा आणि तो आपल्या कपाळाला. "पाय लावला, राग धरू नको बाबा," असं शाळकरी पोरालासुद्धा म्हणायच्या.

एकदा आमच्या आजोबांचीच पाठ धरली. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर पाय द्यायचा म्हणजे काय झालं! काकूंनी पदर नाकापर्यंत ओढला, तोंड भिंतीकडं केलं आणि अंदाजानं पाय टेकवला तो थेट आजोबांच्या मानेवर. "सूनबाई, खाली, अजून खाली! मान न्हाई दुखायली माझी!" आजोबा ओरडले. बायकांची हसून पुरेवाट झाली. काकू मात्र पुढं कितीतरी दिवस आजोबांना ताट वाढायला आल्या नाहीत, चुलीपाशीच लपून राहिल्या.

आराम म्हणून काही त्यांच्या वाट्याला आला असेल तर तो विजांमुळं. पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळं आभाळ गडगडायला लागलं की आजी त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेवायची. बाहेर वाळवण उचलायची सगळ्यांची धांदल, आणि काकू भिंतीला टेकून, पाय पसरून निवांत. "देवानं माझ्यासाठी तेवढीच सुटी ठेवलीय," म्हणायच्या. एरवी दिवसभर कापसात वाकलेल्या, पोटाशी बांधलेली ओटी कापसानं फुगत चाललेली. घरी आल्या की पाण्याचे हंडे. सोयाबीनचा भरला कट्टा, अख्खं पोतं, एकट्या ओढत आत न्यायच्या. पाठ दुखत नाही का, असं विचारलं तर एकच उत्तर ठरलेलं, "पाठ हाय तर दुखणारच की."

मी सेलूला कारकून आहे. माझी पाठ गेली ती खुर्चीनं. सकाळी बसायचं ते संध्याकाळी उठायचं, आणि उठताना टेबलाला धरायचं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, पण पट्ट्यावर विसंबू नका म्हणाले. अधूनमधून उठून चाला, पोटाचे-पाठीचे स्नायू बळकट होतील असा व्यायाम करा, काही उचलायचं तर कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका आणि ओझं अंगाशी धरा. हे सगळं मी काकूंना फोनवर ऐकवलं, कारण आता त्यांचंही दुखणं कमरेतून निघून पार अंगठ्यापर्यंत जायला लागलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, मधेमधे हूं हूं केलं आणि म्हणाल्या, "ते तुझं खुर्चीचं दुखणं गं बाई. माझी उसण हाय. उसणीला कुठं दवाखाना लागतो?"

जिच्या पायानं गाव उठून कामाला जातं, तिला दवाखान्याचं कोण पटवणार? त्यांचा घोर निराळाच होता. स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लागत नाही, आणि गावात दुसरं पायाळू उरलं नव्हतं. "सोनोग्राफीत पाय खाली दिसले की सिझरच करायलेत आता," काकू वैतागून म्हणाल्या. "पायाळू लेकरू जन्माला यायचं कसं? आणि मग आमच्यासारख्यांनी जायचं कुणाकडं?" पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. वहिनी, म्हणजे त्यांची सून, मागून चप्पल उचलून आणायची. तरी त्या कुणी आलं की ओसरीवर येतच होत्या. उजवा पाय साथ देईना तर डावा लावत होत्या, आणि लावून झाल्यावर वाकतही होत्या.

शेवटी जिंतूरकडं एक पायाळू माणूस आहे अशी खबर लागली. मला न सांगता, वहिनीला घेऊन, एसटीनं धक्के खात काकू तिकडं गेल्या. तो चांगला धिप्पाड गडी होता. त्यानं मनापासून पाय दिला, अगदी भार टाकून. परत आल्या त्या पंजा फरफटतच. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, "ताई, आईंचा पंजा उचलंनाच. आणि सकाळपासून लघवीला होईना."

मी अशी चिडले की काय सांगू! गाडी केली, वालूर गाठलं आणि परभणीपर्यंत वाटभर त्यांना बोलत राहिले. त्या मागच्या सीटवर कुशीवर पडून होत्या. एकदाच म्हणाल्या, "खामखा ओरडू नको. पाय वाचतो का तेवढं बघ."

तिथल्या डॉक्टरांनी पंजा हातात घेऊन वर ढकलायला सांगितलं. तो ढिम्म हलला नाही. मणक्यांमधली गादी सरकली होती आणि पायाकडं जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या होत्या. बहुतेकांचं हे दुखणं थोडी विश्रांती, गोळ्या आणि व्यायामानं बरं होतं, ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते, असं ते म्हणाले. पण पंजा पडला, लघवी अडली की एक दिवसही थांबायचं नसतं. मी जिंतूरच्या लाथेचं सांगितलं. "लाथेनं झालं की आयुष्यभराच्या ओझ्यानं, ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "उशीर मात्र झालाय." त्याच दिवशी ऑपरेशन केलं. कळ गेली, लघवी सुरळीत झाली. पाय मात्र घोट्याखाली बधिरच राहिला. काकू खाटेवर पडून खिडकीबाहेर बघायच्या. "वीज न्हाई, पाऊस न्हाई, आन्‌ मी आपली पडून," म्हणायच्या.

आता त्या काठी घेऊन चालतात. लोक अजून येतात. पण काकू आधी ओसरीवरच उलटतपासणी घेतात. कळ पायात उतरायलीय का? मुंग्या? पंजा उचलून दाखव. लघवी अडलीय का? यातलं एक जरी खटकलं तरी पाय लावत नाहीत. "माझ्यासारखं करू नको, परभणीला जा," म्हणतात आणि तो बसमध्ये बसला का, याची चौकशी करतात.

परवा वालूरला गेले आणि बॅग उचलताना माझ्याच पाठीत उसण भरली. इतकं ऐकवूनही मी कमरेतूनच वाकले होते. काकूंनी सगळे प्रश्न विचारले, पंजे उचलायला लावले, मग म्हणाल्या, "साधी उसण हाय. पड पालथी." मी पडले. दमले होते, खरंच फार दमले होते. काकू स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय उचलला आणि माझ्या कमरेवर ठेवला. थंडगार होता. जडही. मला रडू आलं ते पाठीमुळं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी तो तसाच हातांनी खाली ठेवला. "डॉक्टरनं वाकायचं न्हाई सांगितलंय," त्या म्हणाल्या. "यावेळेला नमस्कार तूच करून घे."

मी कुशीवर वळून उठले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या पावलावर दोन्ही हात ठेवले. काकू समोर अंगणात बघत वाट पाहत राहिल्या.

"लावलास का गं हात?"

"लावला, काकू."