प्रोबवरचं कुंकू

मंडळी, सावली या तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेत बसलोय आणि डोकं नुसतं तापलंय.

इथल्या एका गावच्या तलावाची पाळ खालून झिरपतेय. गढूळ पाण्यात भोक दिसत नाही, म्हणून आमच्या लॅबने बनवलेला प्रोब घेऊन गेलो. त्यातले केसाहून बारीक पडदे आवाज सोडतात, परतलेला आवाज टिपतात आणि स्क्रीनवर चित्र उमटतं. असा प्रोब आमच्याकडे एकच.

ज्यांच्या डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, जायचं होतं, त्या मासेमारी करणाऱ्या सखूबाईंनी आधी डोंग्याला हळदकुंकू वाहिलं. मी केबल सोडवत होतो, तेवढ्यात प्रोबलाही वाहिलं. नेमकं पडद्यांवर!

"बाई, काय केलं हे!" मी ओरडलोच.

"नवी वस्तू पान्यात टाकाच्या आधी लावतोच आमी. पुसू नोको बापू, पान्यात गेलं का आपोआप धुतल्या जाईन."

ऐकतोय कोण? मी खांद्यावरच्या दुपट्ट्याने खसाखसा पुसलं. प्रोब पाण्यात सोडला तर अर्धी स्क्रीन काळी. माझ्या घासण्याने वरचा पातळ थर खरवडला गेला आणि पाणी आत शिरलं.

सखूबाई एवढंच म्हणाल्या, "आता भोक कुठी हाय ते कसं समजन? धान तर याच पान्यावर हाय."

आता लॅबला कारण कळवायचंय. मघाशी ईमेलच्या मसुद्यात बेधडक लिहिलं, "गावकऱ्यांच्या पूजेमुळे बिघाड." लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, त्याचीच सगळ्यात जास्त चीड येतेय.

खरं सांगा, तुम्ही ते वाक्य खोडलं असतं?