स्वप्नांच्या देवाचं औषध

फोन सकाळी आला. काकू एवढंच म्हणाली, "अरे, काका गेले... झोपेतच गेले." वसंतकाकांना जाऊन आता महिना होत आला. सांगायला संकोच वाटतो, पण ते "झोपेतच" ऐकून मला त्या क्षणी हायसं वाटलं होतं.

उज्जैनच्या कॉलेजात काकांनी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. कॅन्सर हाडांत उतरला आणि कूस बदलतानाही ते कळवळू लागले. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण काकू त्या देईचना. शेजारीण सांगून गेली होती, "भाभी, ये तो आख़िरी दवा है. इसके बाद आदमी बचता नहीं." काकूनं पाकीट कपाटात टाकलं ते टाकलंच.

एका दुपारी मी तिथंच बसलो होतो. कळ जरा ओसरल्यावर काकांनी तिला जवळ बोलावलं. "शालू, मॉर्फियस म्हणजे ग्रीकांचा स्वप्नांचा देव. त्याच्यावरून हे नाव पडलं. तो कुणाला मारत नाही गं."

"मला नका शिकवू," काकू रडतच म्हणाली.

"बरं, तुझ्या भावाचं सांगतो. सोयाबीनवर फवारताना त्याला विषबाधा झाली, तेव्हा कशानं वाचला? अ‍ॅट्रोपिननं. आणि अ‍ॅट्रोपॉस कोण? आयुष्याचा धागा कापणारी देवी! तिचं नाव आधी एका विषारी झाडाला दिलं, झाडावरून औषधाला आलं. नाव मरणाचं... पण भाऊ दरसाल राखी बांधून घ्यायला येतो ना?"

काकू उठली, कपाटातून पाकीट काढलं आणि पाणी घेऊन आली.

त्यानंतरचे दिवस आम्हाला जणू परत मिळाले. काका झोपू लागले, उठून उशीला टेकून बसू लागले. टावर चौकातली कचोरी मागवून त्यांनी दोन घास खाल्ले आणि "मसाला कम है" म्हणून नावं ठेवली, तेव्हा काकू कितीतरी दिवसांनी हसली.

ते गेले त्या सकाळी तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "मेरी गोली से तो नहीं गए ना?"

"नहीं माताजी, बीमारी से गए. गोली से तो आराम मिला."

मग काकू मोकळेपणानं रडली.

परवा दुपारी गेलो, तर ती काकांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर, भैरवगढची छापील चादर पांघरून गाढ झोपली होती. इतके महिने तिचाही डोळा लागला नव्हता... मी हाक मारली नाही. दार हलकेच लोटून घेतलं.